मुलाची कर्करोगाची शस्त्रक्रिया: तयारी केव्हा सुरू होते आणि सावरताना काय घडते

मुलाच्या पोटात किंवा हाडात कर्करोगाची गाठ आहे हे कळल्यावर घरातल्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: मग ती उद्याच काढून का टाकत नाहीत? बार्शी, फलटण किंवा संगमनेरहून मुलाला घेऊन पुण्यात आलेल्या आईवडिलांना डॉक्टर जेव्हा सांगतात की आधी काही आठवडे केमोथेरपी होईल आणि शस्त्रक्रिया त्यानंतर, तेव्हा त्यांना तो वेळकाढूपणा वाटतो, आणि नात्यातले कोणी ना कोणी दुसऱ्या रुग्णालयाचे नाव सुचवतेच. वास्तविक हे मधले आठवडे रिकामे नसतात. शस्त्रक्रियेची खरी तयारी त्याच काळात होते, आणि तिचा मोठा भाग घरच्यांच्या हातात असतो.

मुलांचा प्रत्येक कर्करोग शस्त्रक्रियेचा नसतो, हे आधी सांगितले पाहिजे. मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग मुख्यतः औषधांनी बरा केला जातो. त्यात शस्त्रक्रियागृहात जावे लागते ते छातीच्या त्वचेखाली पोर्ट (शिरेत औषध देण्यासाठीची छोटी डबी) बसवण्यासाठी, किंवा भूल देऊन पाठीच्या मणक्यातले पाणी व अस्थिमज्जा तपासण्यासाठी. मूत्रपिंड, हाड, यकृत, मेंदू, डोळा यांतल्या गाठींचे तसे नसते. लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणारी विल्म्स ट्यूमर नावाची गाठ कधीकधी पोटभर वाढलेली असते आणि तिच्यावरचे आवरण पातळ असते. काढताना ती फुटली तर कर्करोगाच्या पेशी पोटात सांडतात, आजाराची पायरी वाढते आणि पुढे पोटाला किरणोपचार द्यावे लागू शकतात. म्हणून युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत आधी चार ते सहा आठवडे केमो देऊन गाठ आक्रसू देतात आणि मग काढतात. उत्तर अमेरिकेत शक्य असेल तेथे आधी शस्त्रक्रिया करतात. दोन्ही वाटांनी बहुसंख्य मुले बरी होतात. त्यामुळे परदेशातल्या एखाद्या नातेवाइकाने ‘इकडे तर लगेच ऑपरेशन करतात’ असे फोनवर सांगितले, तरी आपले डॉक्टर चुकत आहेत असा त्याचा अर्थ होत नाही.

किशोरवयीन मुलांच्या गुडघ्याजवळ होणाऱ्या ऑस्टिओसार्कोमा या हाडाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेपूर्वी साधारण दहा आठवडे केमो चालते. स्कॅनमध्ये न दिसणारे सूक्ष्म कण फुप्फुसात पोहोचले असण्याची शक्यता असते, आणि त्यांवर पहिल्या दिवसापासून उपचार व्हावेत हे त्यामागचे कारण आहे. शिवाय काढलेल्या गाठीची तपासणी केल्यावर तिच्यातल्या किती पेशी केमोने मेल्या हेही कळते. ९० टक्के किंवा अधिक पेशी मेलेल्या असतील तर औषध चांगले लागू पडले असे मानतात. शस्त्रक्रियेनंतर येणाऱ्या त्या अहवालाकडे डॉक्टरांचे इतके लक्ष का असते, हे यावरून समजेल.

केमोच्या शेवटच्या फेरीनंतर रक्तपेशी खाली जातात आणि दोन-तीन आठवड्यांत पुन्हा वर येतात. शस्त्रक्रियेची तारीख त्या वर येण्याच्या वेळी धरलेली असते. वॉर्डातली प्रत्येक आई रोज सकाळी ‘काउंट आले का?’ असे विचारते ते याचसाठी. पांढऱ्या पेशी कमी असतील तर जंतुसंसर्गाचा धोका वाढतो, आणि प्लेटलेट कमी असतील तर रक्तस्राव आवरत नाही. बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांना त्या ५०,०००च्या वर, आणि मेंदूच्या शस्त्रक्रियेला १ लाखाच्या आसपास असाव्यात अशी अपेक्षा असते. आदल्या दिवशी काउंट पाहून तारीख पुढे ढकलली, तर तो कोणाचा हलगर्जीपणा नसतो. डॉक्सोरुबिसिन हे औषध दिलेले असेल तर हृदयाची टूडी एको तपासणी होते, कारण त्या औषधाचा हृदयाच्या स्नायूवर परिणाम होऊ शकतो आणि भूल देणाऱ्या डॉक्टरांना हृदयाची ताकद आधी माहीत असावी लागते.

या काळात घरच्यांनी सर्वांत जास्त लक्ष द्यायचे ते खाण्याकडे. पोटात मोठी गाठ असलेल्या मुलाचे वजन फसवे असते: काट्यावर आकडा ठीक दिसतो, पण त्यातला बराच भाग गाठीचा असतो आणि हातपाय वाळत चाललेले असतात. म्हणून आहारतज्ज्ञ अशा मुलाच्या दंडाचा घेर मोजतात. कुपोषित मुलाची जखम उशिरा भरते, आणि जखम भरल्याशिवाय पुढची केमो सुरू करता येत नाही. एरवी ती शस्त्रक्रियेनंतर दोन-तीन आठवड्यांत सुरू व्हायची असते. केमोमुळे तोंडाची चव गेलेली असते, उलट्या होतात, आणि तोंड आलेले असेल तर तिखट अजिबात चालत नाही. अशा वेळी तीन मोठ्या जेवणांचा आग्रह सोडून दर दोन-अडीच तासांनी थोडेथोडे द्यावे: तूप घातलेला मऊ वरणभात, उकडलेले अंडे, नाचणीची खीर, शेंगदाण्याचा कूट घातलेली मुगाची खिचडी, ताज्या दह्यात कालवलेला भात. अन्न ताजे आणि नीट शिजलेले हवे. गाडीवरची भेळ आणि उघड्यावरचे उसाचे रस काही महिने विसरावेत. एवढे करूनही मूल पुरेसे खात नसेल आणि डॉक्टरांनी नाकातून पोटात बारीक नळी घालण्याचा सल्ला दिला, तर ती शिक्षा आहे किंवा प्रकृती फार बिघडल्याचे लक्षण आहे असे मानू नये. ती नळी घालून घरी गेलेली मुले खेळतातही, आणि रोज जेवणावरून होणारी रडारड थांबल्यामुळे आईही जरा मोकळी होते.

काढे, चूर्णे आणि कोणी सांगितलेल्या मुळ्या यांबद्दल घरात संकोच असतो, म्हणून ते डॉक्टरांपासून लपवले जाते. ते सांगितलेच पाहिजे. काही वनस्पती रक्त गोठण्याच्या क्रियेत अडथळा आणतात, काही यकृतावर ताण आणतात, आणि यकृत आधीच केमोची औषधे पचवत असते.

आता ज्या गोष्टीत आपली घरे सर्वांत मागे आहेत तिच्याकडे येतो. मुलाला काय सांगायचे? आजी म्हणते, ‘लेकराला काही सांगू नका, घाबरेल.’ वडील म्हणतात, ‘आपण फक्त फोटो काढायला चाललोय, असं सांगू.’ दोघांचा हेतू मायेचा असतो, परंतु परिणाम उलटा होतो. मुलाला बरेच काही कळलेले असते: आई न्हाणीघरात जाऊन रडते, काका अचानक महागडे खेळणे आणतात, मूल खोलीत आले की बोलणे थांबते. कोणी काही सांगत नाही तेव्हा ते आपल्या कल्पनेने जागा भरते, आणि मुलाची कल्पना बहुधा वस्तुस्थितीहून भयंकर असते. चार-पाच वर्षांच्या मुलाला हमखास वाटते की आपण काही वाईट वागलो म्हणून हे झाले. ‘ऐकलं नाहीस तर सुई देतील’ हे वाक्य आपल्याकडे इतके सहज बोलले जाते की त्याला तसे वाटण्यात नवल नाही. फसवून शस्त्रक्रियागृहात नेलेले मूल एकदा फसते. त्यानंतर वर्षभर चालणाऱ्या उपचारांत प्रत्येक सुईला, प्रत्येक ड्रेसिंगला, प्रत्येक स्कॅनला ते विरोध करते, कारण आईवडिलांच्या शब्दावर त्याचा भरवसा उरलेला नसतो. माझ्या मते शस्त्रक्रियेआधी मुलाला खरे सांगणे हा उपचाराचाच भाग आहे, आणि तो ऐच्छिक मानू नये.

खरे सांगायचे म्हणजे सगळेच सांगायचे असे नाही. वयाला पेलेल तेवढे सांगायचे. दोन-अडीच वर्षांच्या बाळाला शस्त्रक्रिया कळत नाही, त्याला कळतो तो विरह. त्याच्यासाठी तयारी म्हणजे ओळखीची गोधडी, बाटली, आईचा आवाज, आणि आई कोणत्या दारापर्यंत येऊ शकेल याची आधीच केलेली चौकशी. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला एक-दोन दिवस आधी सांगावे. त्याहून आधी सांगितले तर ते तितके दिवस भीतीतच काढते. बाहुलीच्या हाताला पट्टी बांधणे, तिच्या तोंडावर भुलीचा खराखुरा मास्क धरणे, बिनसुईच्या सिरिंजने तिला औषध देणे, असा खेळ त्याच्याशी खेळावा, आणि डॉक्टर त्याला होऊ द्यावे. काही रुग्णालयांत हे काम करणारे प्रशिक्षित कार्यकर्ते किंवा समुपदेशक असतात. नसतील तर सिस्टरकडे एक जुना मास्क मागितला की बहुधा मिळतो. सात ते अकरा वर्षांच्या मुलाला आठवडाभर आधी सांगता येते. त्याला कारणे हवी असतात, कागदावर काढलेले पोटाचे चित्र हवे असते, आणि ‘किती टाके?’ या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर हवे असते. माहीत नसेल तर ‘आपण डॉक्टरांना विचारू’ हे उत्तर पुरते.

शब्द साधे असावेत. ‘तुझ्या पोटात एक गाठ आहे. ती तुझ्यामुळे झालेली नाही, आणि कोणाला ती तुझ्यापासून होणारही नाही. डॉक्टर ती काढणार आहेत. त्या वेळी तुला भूल देतील, म्हणजे तुला काहीही दुखणार नाही आणि काही आठवणारही नाही. भूल देणारे डॉक्टर पूर्ण वेळ तुझ्याजवळ असतील आणि काम संपलं की तुला जागं करतील. नंतर पोट दुखेल, पण त्याला औषध असतं. दुखलं की तू सांगायचंस.’ घरात नुकतेच आजोबा गेले असतील आणि ‘ते झोपेतच गेले’ असे मुलाने ऐकले असेल, तर ‘तुला झोपवणार आहेत’ असे म्हणणे टाळावे. ‘अजिबात दुखणार नाही’ हे वचनही देऊ नये, कारण ते दुसऱ्याच दिवशी मोडणार असते.

बारा-तेरा वर्षांपुढच्या मुलांना निर्णय होत असतानाच खोलीत बसवावे. १८ वर्षांखालील मुलाच्या संमतिपत्रावर सही पालकांची असते हे खरे, पण पाय ज्याचा आहे त्याचा होकार वेगळा घ्यावा लागतो. हाडाच्या कर्करोगात आज बहुतेक वेळा गाठीचा भाग काढून तेथे धातूचा कृत्रिम सांधा बसवून पाय वाचवता येतो, आणि वाढत्या वयाच्या मुलासाठी लांबी वाढवता येणारे रोपणही असते. काहींच्या बाबतीत मात्र रक्तवाहिन्या किंवा नसा गाठीत गुंतलेल्या असतात आणि पाय काढणेच सुरक्षित ठरते. ही शक्यता असेल तर ती मुलाला शस्त्रक्रियेपूर्वी, स्पष्ट शब्दांत, आणि रडायला व चिडायला पुरेसा वेळ ठेवून सांगितलीच पाहिजे. भुलीतून जागे होऊन चादरीखाली हात घालून ते कळण्याची वेळ कोणत्याही मुलावर येऊ नये. कृत्रिम पायाने चालणाऱ्या एखाद्या तरुणाची आधी भेट घडवता आली तर दहा समुपदेशनांचे काम होते. पुण्यात १९४४पासून लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र आहे आणि तेथे सैनिकांबरोबर नागरिकांनाही अवयव बसवून दिले जातात, हे पुणेकरांनाही पुष्कळदा ठाऊक नसते. आणखी एक विषय संकोचाने टाळला जातो: काही औषधांचा आणि किरणोपचारांचा पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होतो. वयात आलेल्या मुलाचे वीर्य केमो सुरू होण्यापूर्वी गोठवून ठेवता येते. मुलींसाठीही काही पर्याय आहेत. हा प्रश्न पहिल्या केमोच्या आधी विचारायचा असतो.

भूलतज्ज्ञांची आधीची भेट ही या साऱ्यात सर्वांत वाया जाणारी संधी आहे. पालक घाईने सही करून बाहेर येतात. त्या भेटीत सांगण्यासारखे पुष्कळ असते: मुलाला सर्दी-खोकला आहे का, घोरते का, घरात कोणाला भुलीचा त्रास झाला होता का, दुधाचा एखादा दात हलतो आहे का. हलणारा दात ही किरकोळ बाब वाटते, पण श्वासनलिकेत नळी घालताना तो निसटून आत जाऊ शकतो. विचारण्यासारखेही असते: मास्कने भूल देणार की पोर्टमधून, भूल लागेपर्यंत आईला जवळ थांबता येईल का, आधी शांत करणारे औषध देणार का, सुई टोचण्यापूर्वी त्वचा बधिर करणारे मलम तासभर आधी लावता येईल का.

उपाशी ठेवण्याचा नियम नीट समजून घ्यावा, कारण चूक दोन्ही बाजूंनी होते. साधारणपणे जेवण आणि गाईम्हशीचे दूध भुलीपूर्वी सहा तास बंद, आईचे दूध चार तास, आणि साधे पाणी, साखरपाणी किंवा नारळपाण्यासारखे स्वच्छ द्रव दोन तास. काही ठिकाणी पाणी तासभर आधीपर्यंतही देतात. दूध पातळ असले तरी ते स्वच्छ द्रव नव्हे, आणि भाताची पेजही नव्हे. पोट भरलेले असेल तर भुलीत अन्न वर येऊन फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, म्हणून रडते आहे म्हणून भरवलेले एक बिस्किटही लपवू नये. उलट बाजूने, रात्री दहापासून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तान्ह्या बाळाला पाण्याचा थेंबही न देणे हीदेखील तयारी नव्हे. आपल्या मुलाचा क्रमांक कितवा आहे आणि शेवटचे पाणी किती वाजता द्यायचे, हे सिस्टरला घड्याळाच्या वेळेसह विचारावे.

सकाळी करदोटा, ताईत, वाळे, कानातले, काळा दोरा हे सारे काढायला सांगतात. रक्तस्राव थांबवण्यासाठी विजेचे उपकरण वापरतात आणि अंगावरच्या धातूमुळे तेथे भाजण्याची शक्यता असते. नखांना लावलेले गडद पॉलिश बोटावरच्या ऑक्सिजन मापकाला अडथळा आणू शकते. दोरा काढताना आजीला होणारे दुःख खरे असते, आणि समजूतदार सिस्टर तो कागदात गुंडाळून उशाशी ठेवू देतात.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या तासाबद्दल पालकांना क्वचितच कोणी सांगते. भुलीतून बाहेर येताना लहान मुले काही वेळा बेभान होऊन रडतात, हातपाय झाडतात, आईलाही ओळखत नाहीत. बहुधा अर्ध्या तासाच्या आत हे शांत होते, मुलाला ते आठवत नाही, आणि मेंदूला इजा झाल्याचे ते लक्षण नसते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर मूल आयसीयूत असते आणि त्याच्या अंगाला सलाइन, लघवीची नळी, जखमेतले पाणी बाहेर काढणारा ड्रेन, नाकातली नळी असे बरेच काही जोडलेले असते. हे दृश्य आईवडिलांना आणि मोठ्या मुलाला आधी फोटोत दाखवलेले असले तर धक्का कमी बसतो.

वेदना मोजता येतात आणि मोजल्याच पाहिजेत. बोलू न शकणाऱ्या बाळाचा चेहरा, पाय, रडणे, हालचाल आणि समजावल्यावर ते शांत होते का, हे पाहून गुण देतात. चार-पाच वर्षांचे मूल हसऱ्यापासून रडव्यापर्यंतच्या चेहऱ्यांच्या चित्रांवर बोट ठेवते. मोठे मूल शून्य ते दहातला आकडा सांगते. ‘शूर आहे माझा बाळ, रडत नाही’ या कौतुकामुळे काही मुले वेदना गिळतात, आणि ते घातक ठरते: दुखते म्हणून मूल खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, आणि फुप्फुसाचा खालचा भाग बसून न्यूमोनिया होतो. मॉर्फिनचे नाव ऐकून वडील घाबरतात, मुलाला व्यसन लागेल म्हणतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, शस्त्रक्रियेच्या वेदनेसाठी, मोजून दिलेल्या मॉर्फिनने ही भीती खरी ठरण्याची शक्यता अत्यल्प असते. अंमली पदार्थांच्या कायद्यातही २०१४मध्ये दुरुस्ती झाली ती अशी औषधे रुग्णांना मिळणे सोपे व्हावे म्हणूनच. पाय काढलेल्या मुलाला नसलेल्या पायात दुखू शकते. ती वेदना खरी असते, तिला वेगळी औषधे आणि आरशात चांगल्या पायाचे प्रतिबिंब पाहून करायचे व्यायाम असतात, आणि ‘मनाचे खेळ’ म्हणून ती उडवून लावू नये.

फिजिओथेरपिस्ट तीन चेंडूंचे श्वासाचे यंत्र देतात. ते शस्त्रक्रियेच्या आठवडाभर आधीच घरी आणून खेळ म्हणून शिकवावे. दुखऱ्या पोटाने नवीन गोष्ट शिकणे मुलाला जमत नाही. कुबड्यांचा सरावही असाच आधी करावा. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मुलाला बसवा, चालवा म्हणतात, तेव्हा ते निर्दयपणे बोलत नसतात. हालचालीने आतडी लवकर कामाला लागतात आणि खाणे लवकर सुरू होते.

खर्चाचे थोडक्यात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या अनेक उपचारांचा समावेश आहे आणि आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या कामात रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याचा, कक्ष असतो, तेथे शिधापत्रिका आणि आधार घेऊन दाखल होण्यापूर्वीच जावे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात, आणि पुण्यात अशी मोठी रुग्णालये अनेक आहेत. तेथील समाजसेवा विभागात उत्पन्नाच्या दाखल्यासह चौकशी करावी.

घरी सोडताना एक नियम कागदावर लिहून दाराशी चिकटवावा: ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त झाला तर, दिवस असो वा रात्र, रुग्णालयात जायचे. केमो चालू असलेल्या मुलाला ताप आला की घरच्या घरी गोळी देऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. गाव लांब असेल तर पहिले काही दिवस पुण्यातच मुक्काम ठेवावा, आणि गावी परतताना जवळच्या मोठ्या रुग्णालयासाठी डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्यावी. जखम लाल होणे, तिच्यातून पू किंवा पाणी येणे, पोट फुगून उलट्या होणे, रोपण केलेला पाय अचानक सुजणे यांसाठीही थांबू नये. एक मूत्रपिंड काढलेले मूल उरलेल्या मूत्रपिंडावर सामान्य आयुष्य जगते. मात्र त्याचा रक्तदाब आणि लघवी नियमित तपासावी लागते, आणि दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर आणून देऊ नयेत.

भेटायला येणाऱ्यांची समजूत घालणे हे आपल्याकडचे अवघड काम. पांढऱ्या पेशी खाली असताना गणपतीतल्या गर्दीत मुलाला नेऊ नये. घरच्या गणपतीला येणाऱ्या पाहुण्यांतही ज्याला सर्दी आहे त्याने बाहेरूनच नमस्कार करावा, आणि हे सांगण्याचा वाईटपणा आईवर न टाकता घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्याने घ्यावा. भावंडांना मात्र दूर ठेवू नये. आजारी भावासाठी सगळे घर धावत असताना आठ वर्षांची बहीण मावशीकडे महिनोन्महिने राहते आणि तिला कोणी काही सांगत नाही. तिलाही हाच आजार होणार का, हा तिचा प्रश्न तिच्या तोंडून यायची वाट न पाहता आपणच काढून उत्तर द्यावे.

शाळेत परतण्याची तारीख डॉक्टर काउंट आणि जखम पाहून ठरवतात. त्याआधी वर्गशिक्षकांना भेटून तीन-चार गोष्टी सांगाव्यात: हा आजार संसर्गजन्य नाही, पोर्टच्या जागी चेंडू लागता कामा नये, जिना चढायला वेळ लागेल, वर्गात कांजिण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी घरी कळवावे. केस गेलेल्या डोक्याबद्दल आणि लंगडत्या पायाबद्दल वर्गात काय सांगायचे आणि कोणी सांगायचे, हे मुलाला विचारून ठरवावे. काही मुले स्वतः उभे राहून सांगतात, काहींना बाईंनी आधीच सांगून ठेवलेले आवडते.